शुक्रवारी पहिली आलेली गाडी रविवारी पहिल्याच फेरीत का हरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या स्पर्धेत (दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून सरळ धावतात) शुक्रवारी संध्याकाळी पात्रता फेरीत सगळ्यांत वेगवान ठरलेली टॉप फ्युएल या वर्गातली गाडी रविवारी पहिल्याच फेरीत सोळाव्या क्रमांकाच्या गाडीकडून हरली. पुढच्या एका जोडीत तर कमी वेळ नोंदवणारा बाद झाला आणि जास्त वेळ लावणारा पुढे गेला. मग हा नशिबाचा खेळ आहे का? शुक्रवारचीच जुळणी, म्हणजे इंजिन आणि क्लचची मांडणी, रविवारी जशीच्या तशी का लावत नाहीत? आणि पात्रता फेरीत मुद्दाम मागे राहून सोपा प्रतिस्पर्धी गाठता येतो का? मी बरीच वर्षं नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन इंधनावर धावणाऱ्या, गाड्यांच्या क्रूमध्ये क्लच आणि डेटा सांभाळत आलो आहे, म्हणून उत्तर त्या बाजूनं देतो. ड्रायव्हरला विचारलंत तर तो कदाचित दुसरीकडून सुरुवात करेल.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पात्रता फेरीत सामना घड्याळाशी असतो. तीन-चार धावा मिळतात, त्यातली एक लागली की क्रमांक पक्का. बाकीच्या धावांत टायर फिरून धूर निघाला तरी फारसं बिघडत नाही. त्यामुळे तिथं क्रू चीफ, म्हणजे जुळणी ठरवणारा क्रूचा प्रमुख, बिनधास्त जोर लावतो. बाद फेरीत धाव एकच, शेजारी गाडी एकच, आणि ट्रॅक त्या घटकेला जसा असेल तसा. तिथं खरा निर्णय असतो तो हातचं किती राखायचं याचा. जास्त राखलं तर शेजारचा निघून जातो. कमी राखलं तर टायर सुटतात, म्हणजे पकड सोडून नुसते फिरतात, आणि शेजारच्याला काहीच करावं लागत नाही. पहिल्या क्रमांकाची गाडी हरते तेव्हा बहुतेक वेळा हा अंदाज चुकलेला असतो. गाडी शुक्रवारी होती तितकीच ताकदवान असते.

रचना आधी पटकन सांगतो. सोळा गाड्या पात्र ठरतात आणि पहिला विरुद्ध सोळावा, दुसरा विरुद्ध पंधरावा अशी जोड्यांची शिडी लागते. चार फेऱ्या जिंकल्या की स्पर्धा जिंकली. फेरीगणिक नव्यानं क्रमवारी लावत नाहीत. पहिल्या-सोळाव्यातला विजेता आठव्या-नवव्यातल्या विजेत्याशी भिडणार, हे रविवारी सकाळीच ठरलेलं असतं. टॉप फ्युएल आणि फनी कार या नायट्रो वर्गांचं अंतर १,००० फूट आहे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला ड्रायव्हर स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर ते पाव मैलावरून, म्हणजे १,३२० फुटांवरून, कमी केलं. पेट्रोलवर धावणारा प्रो स्टॉक वर्ग आजही पाव मैलच धावतो.

आता ट्रॅककडे येऊ, कारण शुक्रवार आणि रविवार यांतला मोठा फरक तिथंच आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर ट्रॅकचा पृष्ठभाग ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास असू शकतो. रविवारी बाद फेऱ्या साधारण अकराच्या सुमारास सुरू होतात आणि दुपारी तोच पृष्ठभाग १३० अंशांच्या वर जाऊ शकतो. ट्रॅकवर टायरचं रबर आणि फवारलेलं चिकट द्रावण यांचा थर बसलेला असतो. थंडाव्यात तो टायरला घट्ट धरतो, तापला की मऊ पडून घसरतो. दुसरीकडे थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिनाला ऑक्सिजन जास्त मिळतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ताकदही जास्त आणि ती ताकद पेलणारी जमीनही चांगली. रविवारी दुपारी ताकद थोडी घटते, पण जमीन त्याहून कितीतरी जास्त घटते. शुक्रवारची जुळणी तशीच लावली तर गाडी शंभर-दोनशे फुटांतच टायर नुसते फिरवून धूर काढत बसेल.

तुम्ही म्हणाल, गाडीतल्या संगणकाला हे कळत नाही का? इथं एक नियम लक्षात घ्या, त्यावर सगळं उभं आहे. गाडीत डेटा नोंदवणारं यंत्र असतं, पण घसरण ओळखून ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा लावायला मनाई आहे. गाडीला धावताना काहीही ‘समजत’ नाही. क्लच कोणत्या क्षणी किती पकडेल, इंधन कधी वाढेल किंवा कमी होईल, इग्निशन किती मागे घ्यायचं, हे सगळं टायमरवर आधीच बांधलेलं असतं. ड्रायव्हरनं पाय दाबला की ते वेळापत्रक सुरू होतं आणि पावणेचार सेकंदांत संपतं. मधे पकड कमी असलेला दहा फुटांचा पट्टा आला तर वेळापत्रकाला त्याची खबर नसते.

म्हणून या गाडीचा जीव क्लचमध्ये आहे, असं मी नेहमी म्हणतो. टॉप फ्युएल गाडीत पुढे जाताना गिअर बदलणं नाहीच. ५०० घनइंचांचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन, त्यात ९० टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल, ताकद ११,००० अश्वशक्तीच्या पुढे. ही ताकद टायरवर एकदम सोडली तर कोणताही ट्रॅक ती पेलणार नाही. त्यामुळे अनेक चकत्यांचा क्लच सुरुवातीला मुद्दाम घसरवतात आणि टप्प्याटप्प्यानं आवळत नेतात. तो पूर्ण जखडतो तोवर गाडीनं अर्धंअधिक अंतर कापलेलं असतं. ट्रॅक तापला की आपण हे आवळणं थोडं उशिरा करतो किंवा क्लच आवळणाऱ्या बोटांवरचं (छोट्या तरफांवरचं) वजन कमी करतो. एकदम मोठे बदल सहसा कोणी करत नाही. क्लच फार ढिला ठेवला तरी गाडी बिघडते: टायरवर पुरेसा भार येत नाही, तो नीट दबून पकडत नाही आणि थरथरायला लागतो. त्याला आम्ही टायर शेक म्हणतो. ड्रायव्हरची नजर धूसर होण्याइतका तो हादरा जोरदार असतो. म्हणजे जास्त जोरही मारतो आणि कमी जोरही मारतो. मधली वाट अरुंद आहे आणि ऊन चढेल तशी ती जागा बदलते.

क्रू चीफ आपल्या जोडीच्या आधी ट्रॅकवर जाऊन का उभा राहतो, हे यावरून लक्षात येईल. पृष्ठभागाचं तापमान मोजायची बंदूक हातात असते, पकड मोजणारं यंत्र असतं, पण सगळ्यांत उपयोगी माहिती आपल्या आधी धावणाऱ्या जोड्यांच्या टायरकडून मिळते. कोणत्या लेनमध्ये कोण कुठं सुटलं? ६० फुटांवर कोणाचा वेळ चांगला पडला? एक ढग येऊन पाच मिनिटं थांबला तरी ट्रॅक निवतो, आणि रांगेत उभ्या गाडीवर लॅपटॉप जोडून टायमर हलवले जातात. ढग ऐनवेळी सरकला तर? मग केलेला बदल परत काढायचा की नाही, हे एकट्या माणसाला काही सेकंदांत ठरवावं लागतं. पहिल्या क्रमांकाचा संघ पहिल्या फेरीत हरण्याची जी खरी कारणं मी पाहिली आहेत, त्यांत हा क्षण वारंवार येतो.

लेनची निवडही यातच येते. पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकाच्या गाडीला लेन निवडता येते; पुढच्या फेऱ्यांत आधीच्या फेरीत ज्याचा वेळ कमी, त्याला. दोन्ही लेन कधीच सारख्या नसतात. एकीवर प्रेक्षागाराची सावली आधी येते, एकीत ठरावीक अंतरावर उंचवटा असतो, एखादीत सकाळी कोणाचं तरी इंजिन फुटून तेल सांडलेलं असतं. त्यामुळे फेरी जिंकणं हे एक काम आणि पुरेशा चांगल्या वेळेत जिंकणं हे दुसरं. शेजारच्याचे टायर सुटले आणि आपण निवांत जिंकलो तरी वेळ खराब पडला, तर पुढच्या फेरीत वाईट लेन आपल्या वाट्याला येते. प्रतिस्पर्ध्याची गाडी सुरूच झाली नाही आणि आपण एकटेच धावणार असलो, तेव्हा हा पेच अगदी उघड दिसतो. जागेवर येऊन हिरवा दिवा घेतला की फेरी आपली. मग इंजिन वाचवायचं की लेनसाठी पूर्ण जोर लावायचा? दोन्ही लेन जवळपास सारख्या असतील तर मी वाचवायच्या बाजूचा. एक लेन स्पष्टपणे वाईट असेल तर पूर्ण धाव घ्यावी, शिवाय पुढच्या फेरीसाठी ताजा डेटाही मिळतो.

तुमचा दुसरा भाग: कमी वेळ नोंदवूनही हार कशी? फलकावर दिसणारा वेळ गाडी जागेवरून हलल्यापासून मोजतात. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा प्रतिक्रियेचा वेळ वेगळा असतो, आणि शेवटची रेषा आधी कोण ओलांडतो हे या दोघांच्या बेरजेवर ठरतं. व्यावसायिक वर्गांत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. ड्रायव्हर पिवळ्यावरच सुटतो. हिरव्याची वाट पाहणारा उशिरा पोहोचतो. हिरवा लागताच गाडीनं सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडला तर प्रतिक्रिया ०.०००. हजारांश सेकंद आधी सोडला तरी लाल दिवा आणि फेरी संपली.

समजा एका लेनमधला ड्रायव्हर ०.०८२ ला निघाला आणि ३.७४१ सेकंदांत पोहोचला. दुसरा ०.०४९ ला निघाला आणि ३.७६८ मध्ये पोहोचला. पहिल्याची बेरीज ३.८२३, दुसऱ्याची ३.८१७. हळू गाडी सहा हजारांश सेकंदांनी जिंकली. ताशी ३२५ मैलांच्या वेगाला हे अंतर जेमतेम तीन फूट भरतं. याला होलशॉटचा विजय म्हणतात, आणि यात नशिबाचा काही भाग नाही. तो ड्रायव्हरनं कमावलेला असतो. पिटमध्ये अशा विजयानंतर ड्रायव्हरला जी मिठी मिळते ती वेगळीच असते, कारण त्या फेरीत आमची गाडी कमी पडली आणि त्यानं ती भरून काढली, हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं.

नायट्रो गाड्यांत ०.०५ ते ०.०८ ही प्रतिक्रिया चांगली समजावी, आणि प्रो स्टॉकमध्ये ०.०२ च्या आसपास. यावरून नायट्रोचे ड्रायव्हर मंद आहेत असं समजू नका. नायट्रो गाडी हातब्रेकवर धरलेली असते. पाय दाबल्यावर इंजिन फिरून क्लचमार्फत टायर ढकलेपर्यंत क्षणभर जातोच. प्रो स्टॉकमध्ये इंजिन आधीच ठरावीक गतीवर चढवून ठेवलेलं असतं आणि ड्रायव्हर क्लचचं पेडल सोडतो, त्यामुळे गाडी लगेच झेपावते.

सुरुवातीच्या रेषेवर गाडी जागेवर आणण्याच्या त्या काही सेकंदांतही स्पर्धा चालू असते. आधी कोण पूर्ण आत सरकतो यावरून ड्रायव्हर एकमेकांच्या मनाशी खेळतात. मला त्याचं फारसं कौतुक नाही. नायट्रो इंजिन सुरू असलेला प्रत्येक जादा सेकंद क्लच तापवतो, इंधन खातो, आणि आपण मोजून बांधलेलं वेळापत्रक थोडं खोटं पाडतो. समोरच्याला ताटकळवणारा स्वतःच्या गाडीलाही ताटकळवतच असतो. माझ्या मते ड्रायव्हरनं प्रत्येक वेळी अगदी तेच करावं, त्याच लयीत. क्रू चीफला त्यावर विसंबता आलं की बाकीचे अंदाज नेमके होतात.

आणि टायर सुटले तर? पात्रता फेरीत ड्रायव्हर पाय काढतो आणि इंजिन वाचवतो. बाद फेरीत त्याला शेजारी पाहावं लागतं. तिकडचेही सुटले असतील तर पाय काढून पुन्हा अलगद दाबायचा, गाडी सावरायची आणि पुढे न्यायची. याला पेडलिंग म्हणतात. उन्हाळ्यात पावणेचार सेकंदांची गाडी पाच सेकंदांत पोहोचून फेरी जिंकल्याचं दिसतं ते यामुळे. धोकाही मोठा. मधली रेषा ओलांडली तर बाद. शिवाय एखादं सिलिंडर विझलं तर त्या बाजूच्या धुराड्याचा रेटा जातो आणि गाडी तिकडे ओढली जाते. न जळलेलं इंधन त्या सिलिंडरमध्ये साठलं तर इंजिन फुटू शकतं. ट्रॅकवर तेल सांडलं तर संघाला दंड होतो आणि गुणही जातात. पाय कधी काढायचा नाही हे शिकायला वेळ लागतो, आणि कधी काढायचाच हे शिकायला त्याहून जास्त.

फेरी संपली की आमचं खरं काम सुरू होतं. तासाभरात, कधी थोड्या जास्त वेळात, इंजिन उघडून पुन्हा बांधायचं: हेड, पिस्टन, रॉड, बेअरिंग, क्लचच्या चकत्या, तेल. किती वेळ मिळेल हे मधल्या वर्गांच्या फेऱ्या आणि थेट प्रक्षेपण यांवर ठरतं. उपांत्य आणि अंतिम फेरीच्या मधे तो सगळ्यांत अपुरा वाटतो. मी क्लचच्या चकत्या मोजतो. झीज किती झाली आणि कोणत्या चकतीची जास्त झाली, त्यावरून मागच्या धावेत ट्रॅकनं किती पकड दिली हे संगणकाच्या आलेखाइतकंच स्पष्ट कळतं. बेअरिंगचा रंग आणि पिस्टनचा माथा पाहून इंजिनवाला सांगतो की कोणत्या सिलिंडरला इंधन कमी पडलं. ही माहिती क्रू चीफपर्यंत पोहोचायला उशीर झाला तर त्याला जुन्या अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो. दमलेला क्रू हे पहिल्या क्रमांकाची गाडी हरण्याचं दुसरं मोठं कारण आहे, फक्त ते टीव्हीवर दिसत नाही.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. ढगाळ थंड रविवार असेल तर मी वर म्हटलेलं राखून ठेवणं पराभवाला निमंत्रण ठरतं. सगळेच जोर लावतात आणि वरच्या क्रमांकाच्या गाड्या सहसा टिकतात. प्रो स्टॉकमध्ये गाड्यांतला फरक शतांश सेकंदांत असतो, म्हणून तिथं ड्रायव्हरची प्रतिक्रिया जास्त बोलते. शार्लट आणि लास व्हेगासच्या चार लेनच्या स्पर्धेत तर चौघांपैकी पहिले दोघे पुढे जातात. अंतिम फेरी येईपर्यंत पहिलं येण्याची गरजच नसते, आणि सुरक्षित जुळणी लावणारा क्रू चीफ तिथं शहाणा ठरतो.

कधी कधी मात्र राखून ठेवायची सोयच नसते. नोव्हेंबर २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथं मोसमातली शेवटची स्पर्धा होती. टॉप फ्युएलचे ड्रायव्हर टोनी शूमाकर यांना मोसमाच्या विजेतेपदासाठी अंतिम फेरी जिंकणं पुरेसं नव्हतं. वेळेचा राष्ट्रीय विक्रमही हवा होता, कारण त्याचे २० गुण मिळत आणि त्यांच्याशिवाय प्रतिस्पर्धी डग कलिटा गुणांत पुढे राहत होते. समोर मेलनी ट्रॉक्सेल. क्रू चीफ अॅलन जॉन्सन यांनी अंतिम फेरीत पूर्ण जोराची जुळणी लावली. टायर सुटले असते तर स्पर्धा आणि विजेतेपद दोन्ही गेलं असतं. पाव मैलाला ४.४२८ सेकंद नोंदले गेले, फेरी जिंकली, विक्रम झाला आणि विजेतेपद १४ गुणांनी आलं. ती धाव मी आजही नव्या मुलांना दाखवतो. तो ट्रॅक त्या क्षणी काय पेलू शकेल याचा नेमका अंदाज जॉन्सन यांना होता. नुसत्या धाडसानं तो आकडा आला नसता.

पुढच्या रविवारी पाहाल तेव्हा जोडी निघण्याआधी तीन गोष्टी बघा: त्याआधीच्या जोडीचे टायर कोणत्या लेनमध्ये सुटले, लेन कोणी निवडली, आणि ऊन आहे की ढग. मग फलकावर ६० फुटांचा वेळ बघा. टॉप फ्युएलमध्ये तो ०.८२–०.८४ च्या आसपास असेल तर क्रू चीफनं फारसं राखलेलं नाही, आणि ती गाडी शेवटपर्यंत टिकते का यावर सगळं येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, मुद्दाम मागे राहून सोपा प्रतिस्पर्धी मिळवण्याचा. नायट्रोमध्ये हे शहाणपणाचं नाही आणि अनुभवी संघ ते करत नाहीत. खाली घसरलात तर लेनची निवड जाते, पात्रतेच्या धावांसाठी मिळणारे जादा गुण जातात, आणि नीट जोर न लावलेल्या धावेचा डेटा रविवारी कामाचा राहत नाही. शिवाय सोळाव्या क्रमांकाची गाडी सोपी असते हेच मुळात खरं नाही. एखादा तगडा संघ शुक्रवारी टायर फिरवून, शनिवारी इंजिनात काहीतरी मोडून शेवटच्या जागेवर कसाबसा आत येतो. रविवारी सकाळी त्याच्याकडे दुरुस्त गाडी असते, आणि समोर असतो तो संघ ज्यानं थंड संध्याकाळी पहिला क्रमांक मिळवला, पण तापलेल्या ट्रॅकवर अजून एकही स्वच्छ धाव घेतलेली नाही. तुम्ही पाहिलेली जोडी तशीच असेल तर निकालात मला आश्चर्य वाटत नाही. शनिवारी दुपारच्या उन्हातल्या धावेत त्या दोघांनी काय वेळ नोंदवला होता, तेवढं तपासून बघा. रविवारच्या निकालाचा अंदाज शुक्रवारच्या यादीपेक्षा तिथून जास्त चांगला येतो.